लोकमान्यांचं शुद्धलेखन

गिरगावातल्या आमच्या चाळीत लोकमान्य टिळक शनिवारी रात्री यायचे. साडेदहाच्या सुमाराला, नळावरची वर्दळ थांबली आणि पोरंटोरं झोपली की. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला एक खोली होती, तिथल्या काकांकडे प्लँचेट चालायचं. त्यासाठी त्यांनी एक मोठा शिसवी पाट राखून ठेवला होता. पाटावर काळ्या ऑइलपेंटनं चौकटी आखलेल्या, त्या कायमच्या. चौकटींतली मुळाक्षरं, काने, वेलांट्या, 'हो' आणि 'नाही' मात्र दर खेपेला खडूनं लिहायचं आणि बैठक उठली की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. अक्षरं तशीच राहिली तर आलेला आत्मा घुटमळत राहतो, असं काकांचं म्हणणं. मध्ये उपडी वाटी, वाटीवर तिघांची बोटं, कोपऱ्यात उदबत्ती. काका खणखणीत आवाजात विचारायचे, "आलात का?" वाटी जरा थरथरायची आणि 'हो'कडे सरकायची.

लोकमान्यांना काहीही विचारलं जायचं. बदली रत्नागिरीला होईल की पुण्याला, हरवलेली कुडी कुणी उचलली, धाकटीचं लग्न यंदा जमेल का. आमचे बाबा गिरगावातल्याच एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकदा शेजारच्या मुलाच्या मॅट्रिकचा प्रश्न निघाला आणि वाटीनं एकेक अक्षर गाठत उत्तर दिलं : 'परिक्षेत यश'. बाबा ताडकन म्हणाले, "हे टिळक नव्हेत. 'केसरी'चा संपादक परीक्षेतली 'री' ऱ्हस्व काढायचा नाही." बैठक मोडली. काका आठवडाभर बाबांशी बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी बाबा पुन्हा हजर, आणि मी त्यांच्या मांडीला टेकून. विश्वास नाही तर जाता कशाला, असं आई विचारायची. बाबा म्हणायचे, "वाटी सरकते ती बघायला."

पुढे मी जे.जे.त शिकले आणि शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांकडून पट्टीनं रेघा मारून घेतल्या, त्या चौकटी पोस्टर कलरनं भरून घेतल्या. संकल्पचित्राच्या तासाला मी मोंद्रियानचं उदाहरण द्यायचे. काळ्या उभ्या-आडव्या रेघा, लाल-पिवळे-निळे चौकोन, बाकी पांढरं. साबणाच्या खोक्यापासून साडीच्या पदरापर्यंत कुठे कुठे ते पोचलंय. १९६५ साली इव्ह सँ लोराँनं त्याचे झगे शिवले तेव्हापासून तर ते सगळ्या जगाचंच झालं. जे.जे.त आम्हाला शिकवलं होतं की हा माणूस म्हणजे शुद्ध तर्क. देव नाही, गोष्ट नाही, हळवेपणा नाही. विसाव्या शतकाच्या यंत्रयुगाचा चित्रकार. मी पेपरात तसंच लिहिलं, चांगले मार्क पडले आणि पुढे पोरांनाही तेच सांगितलं.

माझी मुलगी आता हेगजवळ राहते. तिच्याकडे गेले असताना मी ट्रामनं तिथल्या कुन्स्टम्युझियमला गेले. बर्लाग नावाच्या वास्तुकारानं बांधलेली पिवळ्या विटांची १९३५ सालची इमारत, आणि आत मोंद्रियानचा मोठा खजिना. मी रेघा बघायला गेले होते. पण एका भिंतीवर तीन उभ्या चौकटींत तीन निळसर नग्न बायका उभ्या होत्या. अंग ताठ, हनुवटी वर. दोघींचे डोळे मिटलेले आणि मधलीचे टक्क उघडे. खांद्यांशी फुलं, त्रिकोण, सहा टोकांच्या चांदण्या. पहिल्यांदा वाटलं, एखाद्या बुवाच्या मठातलं चित्र चुकून इथे टांगलंय. खरं सांगायचं तर चित्र मला आवडलं नाही; अजूनही आवडत नाही. नाव 'उत्क्रांती', साल १९१०-११, चित्रकार मोंद्रियान. माणूस देहातून आत्म्याकडे कसा चढत जातो, त्याच्या या तीन पायऱ्या. १९०९ साली मोंद्रियान थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९४४पर्यंत, राहिला. त्याच्या स्टुडिओत मादाम ब्लाव्हाट्स्कींची तसबीर असे.

ब्लाव्हाट्स्की हे नाव वाचलं आणि मी हेगच्या त्या दालनात एकटीच हसले. कारण या बाई आमच्या शेजारच्या. नव्वद-शंभर वर्षांचं अंतर सोडलं तर.

हेलेना पेत्रोव्ना ब्लाव्हाट्स्की, जन्म १८३१, रशियन घराण्यातली. प्रचंड देह, प्रचंड डोळे, तोंडात सिगारेट आणि तोंडही तसंच फटकळ. तिबेटात गुरूंपाशी राहून आल्याचं त्या सांगत. त्यांचा जोडीदार कर्नल हेन्री ऑल्कॉट हा अमेरिकन वकील. लिंकनच्या खुनाच्या चौकशीवर काम केलेला, शेतीवर पुस्तकं लिहिलेला, एरवी अगदी पाय जमिनीवर असलेला माणूस. १८७४ साली व्हर्माँटमधल्या एका शेतघरात भुतं दिसतात म्हणून तो बातमीसाठी गेला आणि तिथे त्याची या बाईंशी गाठ पडली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोघांनी थिऑसॉफिकल सोसायटी काढली. सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे, ते हिमालयापलीकडच्या काही महात्म्यांनी जपून ठेवलंय, आणि माणसाच्या आत दडलेल्या शक्ती अभ्यासानं जाग्या करता येतात, असा त्यांचा सिद्धांत.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी ही मंडळी मुंबईत उतरली. ऑल्कॉटनं बोटीतून उतरताच वाकून धक्क्याच्या पायरीचं चुंबन घेतलं. स्वागताला हरिश्चंद्र चिंतामण नावाचे गृहस्थ होते, छायाचित्रकार आणि आर्य समाजाचे इथले पुढारी. त्यांनी उतरायला घर दिलं, मोठा समारंभ केला, आणि थोड्याच दिवसांत पाहुण्यांच्या हातात बिल ठेवलं : घरभाडं, जेवण, नोकरचाकर, तार, स्वागताला भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांचे पैसेसुद्धा. ऑल्कॉटनं हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पवित्र भूमीशी झालेली त्यांची ही पहिली ओळख मला फार आवडते. तिथून ते १०८, गिरगाव बॅक रोड इथे राहायला गेले. गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल रोड, आमचा व्ही. पी. रोड.

तिथूनच ऑक्टोबर १८७९मध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघालं. दयानंद सरस्वतींचं आत्मकथन त्यात छापून आलं. (पुढे स्वामीजींचं आणि यांचं फाटलं, ते वेगळं.) घरी वकील, विद्यार्थी, पारशी शेठ यांची रीघ लागे. त्यातच दामोदर मावळंकर आला. अहमदाबादच्या सधन कऱ्हाडे ब्राह्मण घरातला विशीतला मुलगा. त्यानं जात सोडली, वडिलोपार्जित हिस्सा सोडला, मासिकाचं काम अंगावर घेतलं, आणि फेब्रुवारी १८८५मध्ये महात्म्यांना शोधायला तिबेटच्या वाटेनं जो गेला तो परत आला नाही. थिऑसॉफिस्ट त्याच्याबद्दल हळुवारपणे लिहितात. मला त्याच्या लग्नाच्या बायकोची आठवण येते.

आता चमत्कारांचं. सिमल्याला ऑक्टोबर १८८०मध्ये ॲलन ह्यूम यांच्या घरी जेवण चाललं होतं. ह्यूमबाईंची हरवलेली ब्रूच ब्लाव्हाट्स्कींनी बागेतल्या फुलांच्या वाफ्यातून 'आणून' दाखवली. महात्म्यांची पत्रं छतातून पडायची, उशीखाली सापडायची. १८८३ साली हेन्री किडल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी जाहीर तक्रार केली, की महात्मा कूट हूमींच्या एका छापलेल्या पत्रातला मजकूर माझ्या १८८०च्या व्याख्यानातून उचलला आहे. खुलासा असा आला की महात्म्यांनी पत्र मनातल्या मनात सांगितलं, ते कागदावर उमटवणारा शिष्य नवखा होता, त्यामुळे काही भाग उमटायचा राहिला. बाबा असते तर लाल पेन्सिल पुढे सरकली असती.

मग सोसायटीच्या मद्रासजवळच्या अड्यार इथल्या मुख्यालयातल्या एम्मा कुलोंब यांनी वाचा फोडली : देव्हारेवजा कपाटाला मागून फळी आहे, पत्रं तिथून सरकवतात. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं रिचर्ड हॉजसन नावाचा तरुण चौकशीला धाडला. त्याचा अहवाल डिसेंबर १८८५मध्ये छापून आला. बाई तोतया आहेत, पण इतिहासातल्या सगळ्यांत हुशार आणि मनोवेधक तोतयांपैकी, अशा अर्थाचा त्याचा निष्कर्ष. त्याच महिन्यात मुंबईत गोवालिया टँकवर गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि ते भरवण्यात पुढाकार होता ब्रूचवाल्या ह्यूमसाहेबांचा. तोवर ह्यूम ब्लाव्हाट्स्कींपासून दूर झाले होते. पण हिंदुस्थानातल्या शिकलेल्या माणसांशी बरोबरीनं बसायची सवय त्यांना ज्या बैठकांत लागली, त्यांत या बाईंच्या बैठका होत्या. लंडनमध्ये १८८९च्या सुमाराला दोन थिऑसॉफिस्टांनी मोहनदास गांधी नावाच्या विद्यार्थ्याला आपल्याबरोबर गीता वाचायला बोलावलं, तेव्हा त्याला लाज वाटली, कारण त्यानं ती वाचलेलीच नव्हती. हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. ॲनी बेझंटचं होमरूल आणि १९१७चं काँग्रेसचं अध्यक्षपद आपल्याला शाळेत शिकवतात. त्या थिऑसॉफीच्या जगभरच्या अध्यक्षा होत्या, हे एका ओळीत उरकतात.

मला तशीच एका ओळीत उरकलेली गोष्ट हेगच्या भिंतीवर सापडली. चित्रकलेत हे सगळं गेलं कसं, ते जरा सावकाश सांगते. हा माझा प्रांत आहे.

१९०५ साली बेझंट आणि त्यांचे सहकारी लेडबीटर यांनी 'थॉट-फॉर्म्स' नावाचं पुस्तक काढलं. विचार आणि भावना यांना सूक्ष्म जगात आकार आणि रंग असतात, आणि सराव केलेल्या डोळ्याला ते दिसतात, असा दावा. पुस्तकात रंगीत चित्रं आहेत आणि सुरुवातीला रंगांचं कोष्टक : भक्ती निळी, बुद्धी पिवळी, माया गुलाबी, द्वेष काळा. बुडत्या जहाजावरच्या माणसांच्या मनात काय उमटलं, याचं एक चित्र. चर्चमध्ये ऑर्गनवर वाग्नर वाजतोय आणि इमारतीच्या डोक्यावर रंगांचा डोंगर उसळलाय, असं एक. शास्त्र म्हणून या दाव्याला काडीचा आधार नाही. पण चित्रकाराच्या नजरेनं ती पानं बघा. १९०५ सालात, माणूस नाही, झाड नाही, फळांची परडी नाही. नुसता रंग आणि आकार, आणि त्याला अर्थ आहे असं छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी.

त्या दशकात हे वेडगळ वाटत नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. १८९५ साली राँटगेननं बायकोच्या हाताची हाडं फोटोच्या काचेवर दाखवली होती. पुढच्या वर्षी बेकरेलला युरेनियममधून न दिसणारे किरण सापडले. मार्कोनी तारेशिवाय संदेश पाठवत होता. जड वस्तू आतून पोकळ आहे आणि खरा व्यवहार डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींचा आहे, असं खुद्द शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. मग न दिसणारं रंगवायचं म्हटलं तर वस्तूंची नक्कल करून कसं चालेल? म्युनिकमध्ये वासिली कँडिन्स्कीकडे 'थॉट-फॉर्म्स'चं जर्मन भाषांतर होतं. डिसेंबर १९११मध्ये त्याचं 'कलेतील आत्मिक तत्त्वाविषयी' हे पुस्तक निघालं, त्यात ब्लाव्हाट्स्कींचा नावानिशी आणि आदरानं उल्लेख आहे. अमूर्त चित्रकलेचा जाहीरनामा म्हणून ते पुस्तक आजही कलाशाळांत वाचतात. ब्लाव्हाट्स्कींचं पान बहुधा उलटून टाकतात.

मोंद्रियान जात्या कर्मठ. वडील शाळामास्तर, घर काल्व्हिनपंथी. मूर्ती-तसबिरींचं वावडं असलेला धर्म. त्याच्या रेघांमागे शूनमाकर्स नावाचा आणखी एक वल्ली आहे, पाद्रीपण सोडून गूढविद्येकडे वळलेला. १९१५-१६च्या सुमाराला दोघं एकाच गावात राहत आणि गप्पा मारत. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट ती आडवी रेघ, सूर्याच्या गाभ्यातून निघणारे किरण ती उभी रेघ, आणि रंग तीनच, पिवळा, निळा, तांबडा, असा त्याचा हिशेब. म्हणजे मी चौतीस वर्षं सातवीच्या पोरांकडून पट्टी लावून काढून घेत होते, ती प्रकृती आणि पुरुष यांची लग्नगाठ होती! १९२१ साली मोंद्रियाननं गूढवादी गुरू रुडॉल्फ स्टायनरला पत्र लिहिलं की माझी ही चित्रशैलीच खऱ्या थिऑसॉफिस्टांची कला आहे. स्टायनरनं उत्तर दिलं नाही. उलट साध्या थिऑसॉफिस्टांना ही चित्रं मुळीच रुचली नाहीत. त्यांना देवदूत आणि तेजोवलयं हवी होती. 'उत्क्रांती'तल्या त्या तीन बायकांसारखी.

या सगळ्यांच्या आधी पोचलेली एक बाई होती. तिच्याबद्दल मी जे.जे.त अक्षरही ऐकलं नव्हतं आणि त्याला जे.जे.चा इलाज नव्हता. कुणालाच ती माहीत नव्हती. हिल्मा आफ क्लिंट, जन्म १८६२, स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीतून रीतसर शिकलेली. पोटासाठी निसर्गचित्रं आणि वनस्पतींची चित्रं काढायची. दर आठवड्याला चार मैत्रिणींबरोबर बसायची, स्वतःला 'पाच जणी' म्हणवून घ्यायच्या. प्रार्थना, मग समाधी, मग हात आपोआप कागदावर. त्यांच्याशी बोलणाऱ्या अदृश्य मंडळींपैकी एकाचं नाव आनंद होतं! १९०६ साली त्यांच्यातल्याच अमालिएलनं हिल्माला एका मंदिरासाठी चित्रं काढण्याचं काम 'दिलं'. १९१५पर्यंत १९३ चित्रं झाली. त्यांतली 'दहा सगळ्यांत मोठी' १९०७च्या अखेरीस जेमतेम दोन महिन्यांत काढलेली. प्रत्येक चित्र सव्वातीन मीटर उंच. कागद जमिनीवर पसरून, टेंपेरा रंगात. केशरी, जांभळ्या रंगांवर गोगलगाईसारखी वळणं, पाकळ्या, मध्येच अक्षरं. कँडिन्स्कीच्या चार-पाच वर्षं आधी.

तिनं ती जवळपास कुणाला दाखवली नाहीत. १९४४ साली वारली (मोंद्रियानही त्याच वर्षी), आणि सगळं पुतण्याच्या नावे ठेवलं. तो आरमारातला अधिकारी. माझ्यानंतर वीस वर्षं हे उघडायचं नाही, अशी अट. वीस वर्षं सरली, आणि १९७० साली स्टॉकहोमच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाला चित्रं देऊ केली तर त्यांनी नको म्हटलं. मृतात्म्यांच्या बैठका भरवणाऱ्या बाईची चित्रं! १९८६ साली लॉस एंजेलिसला 'कलेतील आत्मिक' या विषयावर मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा पहिल्यांदा लोकांनी ती पाहिली. तरी २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं अमूर्ततेच्या शोधावर भलंमोठं प्रदर्शन भरवलं, त्यात ती नव्हतीच. मग २०१८मध्ये गुगनहाइमनं तिचं एकटीचं प्रदर्शन केलं. सहा लाखांहून जास्त माणसं आली. त्या संग्रहालयाच्या इतिहासात तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

गुगनहाइमचंही मूळ बघण्यासारखं आहे. हिला रिबे नावाची जर्मन चित्रकर्ती थिऑसॉफीच्या वातावरणात वाढलेली. तिनं सॉलोमन गुगनहाइमला चित्रं घ्यायला लावली, १९३९ साली संग्रहालय काढलं, आणि १९४३मध्ये फ्रँक लॉइड राइटला लिहिलं की मला आत्म्याचं मंदिर हवंय. राइटनं गोल गोल चढत जाणारी इमारत दिली. हिल्माच्या कागदांत तिच्या न बांधलेल्या मंदिराची कल्पना आहे : गोल गोल चढत जाणारी इमारत. दोघींची कधी गाठ पडली नव्हती.

रिबेच्या संग्रहालयाचं आधीचं नाव 'म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग'. हा शब्द आम्ही जे.जे.वाल्यांनी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या तोंडचा म्हणून ऐकलेला. त्यांना 'अमूर्त' हा शब्द नको असे. माझं काम नॉन-ऑब्जेक्टिव्ह आहे, म्हणायचे. गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढलेले. कृष्णमूर्ती वाचणारे, झेन वाचणारे, निसर्गदत्त महाराजांची ओढ असणारे. निसर्गदत्त म्हणजे विड्यांचं दुकान चालवणारे मराठी गृहस्थ. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत राहत. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं त्यांचे मराठी संवाद इंग्रजीत आणले, १९७३ साली 'आय ॲम दॅट' हे पुस्तक निघालं, आणि गोरी मंडळी पत्ता विचारत गल्लीत शिरू लागली. आम्हाला ते नेहमीचंच झालं होतं. गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन २०१४ साली त्याच गुगनहाइममध्ये भरलं, हिल्माच्या चार वर्षं आधी.

आणि कृष्णमूर्ती! १९०९ साली अड्यारच्या किनाऱ्यावर लेडबीटरला या मुलाभोवती तेजोवलय दिसलं, आणि पुढची वीस वर्षं थिऑसॉफिस्टांनी त्याला जगद्गुरू म्हणून वाढवला. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेनला हजारो अनुयायांसमोर उभं राहून त्यानं आपल्यासाठीच उभारलेली संघटना विसर्जित केली. गुरू नको, पंथ नको. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओहायला त्याच्या शिबिराला एक शाळेचा चित्रकला मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेला. मास्तरचं नाव श्वांकॉव्हस्की, तो थिऑसॉफिस्ट. विद्यार्थ्यांत एक होता जॅक्सन पोलॉक. कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर डब्यानं रंग सांडणारा तो पोलॉक. आम्हा चित्रकला शिक्षकांचं नाव इतिहासात सहसा येत नाही, म्हणून हे आवर्जून सांगितलं. कृष्णमूर्तींना मी स्वतः ऐकलंय, जे.जे.च्याच आवारात, झाडांखाली बसून. अर्धं कळलं नाही. पण खुर्चीवर ताठ बसलेला तो माणूस बोलताना मध्येच गप्प व्हायचा, आणि हजारभर माणसं कावळ्यांचा आवाज ऐकत बसायची.

वाटीकडे परत येते. ती सरकते कशी? १८५३ साली, युरोपभर टेबलं फिरवायची साथ आली होती तेव्हा, मायकेल फॅरडेनं टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर ठेवले, थरांत मऊ चिकट पदार्थ. टेबल हात ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा, सरकले वरचे. माणसंच ढकलत होती, प्रामाणिकपणे, नकळत. मनात अपेक्षा उठली की स्नायू इतके हलके हलतात की ज्याचं त्याला कळत नाही. शिवाय तिघांची बोटं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसराच ढकलतोय. तेव्हा 'परिक्षा' ही चूक काकांची असणार किंवा शेजारच्या मुलाची. त्याला यश मिळालं नाही, हेही सांगून टाकते.

पण फॅरडेनं भूत काढून टाकल्यावरही हात हलतोच. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ आणि सुपो यांनी नेमकं तेच उचललं. १९१९ साली दोघांनी मन मोकळं सोडून, न थांबता, न खोडता पानंच्या पानं लिहिली. आत्म्यांचं 'माध्यम' होणाऱ्या बायकांची रीत घेतली, आत्मे वगळले. त्यातून अतिवास्तववाद आला. मासोंची स्वैर रेखाटनं आली. आणि आपण फिरून पोलॉकपाशी येतो. आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला मी डोळे मिटून गिरगटायला लावायचे. त्या गिरगोट्यात मग मुलं ससे, घरं, राक्षस शोधायची. मुख्याध्यापकांना ते आवडत नसे.

एक प्रश्न इथे कुणी तरी विचारणारच, विचारायलाच हवा : बाई, तुम्ही बुवाबाजीची वकिली करताय का? नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला, हे मी विसरत नाही. याच थिऑसॉफीत मानवाच्या 'मूळ वंशां'ची एक उतरंड होती. व्हिएन्नातल्या लिस्ट आणि लांझ यांसारख्या गूढवाद्यांनी ती घेतली, तिला आर्य रक्ताची पुटं चढवली, आणि ते विष पुढे कुठे गेलं ते जग जाणतं. ज्या तिठ्यावर मोंद्रियानला रेघ सापडली, तिथूनच हा रस्ताही फुटला. संग्रहालयवाल्यांची जुनी चूक वेगळी : पाहुण्यांसमोर वेडसर आत्याला आतल्या खोलीत बसवावं तसं त्यांनी ब्लाव्हाट्स्कींना बसवलं, आणि घर आपल्याच अकलेनं उभं राहिलं असं सांगत राहिले.

आता आत्याबाई बाहेर आल्या आहेत, जरा जास्तच. मॉलमध्ये टॅरोचे पत्ते मिळतात; १९०९ साली पामेला कोलमन स्मिथनं ठरीव मोबदल्यात काढलेली ती ७८ चित्रं, जी काढून ती १९५१ साली कर्जात मेली. ब्यूटी पार्लरमधली मुलगी मला म्हणते, मॅडम, तुमचा ऑरा छान आहे. मी थँक्यू म्हणते. बेझंटबाईंच्या कोष्टकात तो कोणता रंग, हे विचारायचा मोह आवरते.

मुंबईत परत आल्यावर मी एकदा न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलवरून मुद्दाम चालत गेले. सोफिया वाडियांनी चालवलेल्या पेन या लेखक संघटनेची कचेरी तिथे होती. निसीम इझिकेल तिथल्या टेबलाशी बसायचे आणि मुंबईची नवखी कवी पोरं आपली बाडं घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायची. देवावर विश्वास नसलेली कितीतरी कविता त्या छपराखाली पहिल्यांदा वाचली गेली असेल. तिथून चालत व्ही. पी. रोडला आले. आमची चाळ आता नाही, रिडेव्हलपमेंटला गेली. काका-काकू तर केव्हाच गेले. चाळ रिकामी होताना त्यांच्या मुलानं अडगळ काढली आणि तो पाट, "तू चित्रकार ना, तुला उपयोगी पडेल," म्हणून मला दिला. मी तो घासून पुसून माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलाय. खडूची अक्षरं नाहीत. काळ्या चौकटी तेवढ्या आहेत, पांढुरक्या पडलेल्या लाकडावर. मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, तिला मागे तो दिसला. म्हणाली, "आई, हा मोंद्रियान कुठून आणलास?"